तंजावर दरबारातील कवयित्री

कावेरीकाठच्या तंजावर संस्थानात सतराव्या आणि अठराव्या शतकांत तेलुगू व संस्कृत काव्यरचना करणाऱ्या स्त्रियांची परंपरा. तिचा पहिला बहर नायक राजांच्या काळातला, दुसरा भोसल्यांच्या. मराठी वाचकाला तंजावर आठवते ते व्यंकोजी, सरस्वती महाल हे ग्रंथालय आणि बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवरच्या लांबलचक मराठी शिलालेखामुळे. याच मराठी राजांच्या पदरी तेलुगूतली एक अव्वल कवयित्री होती, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही.

रघुनाथ नायक (कारकीर्द १६००–१६३४) स्वतः कवी होता. त्याच्या दरबारातील रामभद्रांबेने ‘रघुनाथाभ्युदय’ हे बारा सर्गांचे संस्कृत महाकाव्य त्याच्यावरच रचले. राजस्तुती बाजूला ठेवली तरी हे काव्य मोलाचे आहे, कारण अनेक भाषांत लिहिणाऱ्या, समस्यापूर्ती (दिलेल्या ओळीवरून पद्य पुरे करणे) आणि शीघ्रकाव्य करणाऱ्या दरबारी स्त्रियांचे वर्णन त्यात येते. मधुरवाणीने राजाच्या तेलुगू रामायणाला संस्कृत रूप दिले. रघुनाथाचा मुलगा विजयराघव याच्या काळातली रंगाजम्मा ही ‘मन्नारुदासविलासमु’ची कर्ती. राजाने तिला कनकाभिषेकाचा, म्हणजे सोन्याने न्हाऊ घालण्याचा मान दिला. तोवर हा मान मोठ्या पंडितांना मिळे.

१६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले आणि विजयराघव मारला गेला. दोनतीन वर्षांतच विजापूरची फौज घेऊन आलेले व्यंकोजी भोसले तिथले राजे झाले. राजघराणे मराठी झाले, पण दरबाराने तेलुगू सोडली नाही. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने तर मराठीबरोबर तेलुगूतही नाटके लिहिली.

प्रतापसिंहाच्या दरबारात (१७३९–१७६३) मुद्दुपळनी होती. ती गणिका. त्या काळी अक्षर, व्याकरण, संगीत आणि स्वतःच्या नावावर मिळकत या चारही गोष्टी एका स्त्रीजवळ असण्याची वाट बहुधा याच घरांतून जाई. कुलीन घरातल्या मुलीच्या हाती पोथी क्वचितच पडे. काव्याच्या पीठिकेत, म्हणजे प्रास्ताविकात, कवीने आपला वंश सांगायचा असा प्रघात होता. मुद्दुपळनीने तिथे आपली आजी आणि आत्या या दोन कवयित्रींची नावे अभिमानाने मांडली. स्वतःबद्दलही ती संकोचत नाही. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणा स्त्रीला काव्ये अर्पण झाली आहेत, दुसऱ्या कुणी विद्वानांना धन देऊन गौरवले आहे, असे ती सरळ विचारते.

‘राधिका सांत्वनमु’ हे तिचे ५८४ पद्यांचे शृंगारकाव्य. यातली राधा वयाने प्रौढ आहे. तिने लहानाचे मोठे केलेल्या इळेचे लग्न ती स्वतःच कृष्णाशी लावते. पहिल्या रात्रीआधी मुलीला चार गोष्टी शिकवते, कृष्णालाही ‘जरा सांभाळून घे’ म्हणून बजावते, आणि दार लागल्यावर तीच जळू लागते. पुढे ती पोपटाला निरोप्या करून धाडते, रुसते, आणि शेवटी कृष्ण तिच्या पायाशी येतो. शीर्षकातले सांत्वन ते हेच. राधाकृष्णाचा शृंगार मुद्दुपळनीच्या आधी शेकडोंनी लिहिला होता. इथे नवे आहे ते बाईची इच्छा बाईच बोलते हे, आणि पिकत्या वयातली असूया लाज न बाळगता सांगितली आहे हे. जयदेवाच्या अष्टपदीचा आणि तमिळ संत कवयित्री आंडाळच्या ‘तिरुप्पावै’चा तेलुगू अनुवादही तिच्या नावावर आहे.

१८८७ मध्ये काव्य छापले गेले तेव्हा संपादकाने काही पद्ये गाळली, पीठिकाही गाळली. म्हणजे काव्य राहिले आणि आजी-आत्या गेल्या. तेलुगू समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी कवयित्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवले. बाईने ऐकूही नये असे तिने लिहिले, असा त्यांचा आक्षेप. विधवाविवाहासाठी झटलेल्या माणसाने हे लिहावे, ही गोष्ट खटकतेच. बंगळूर नागरत्नम्मा या स्वतः देवदासी घरातल्या गायिका. त्यांनी हस्तलिखित मिळवून १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ छापखान्यातून पूर्ण पाठ प्रसिद्ध केला आणि पुरुष कवींनी असेच लिहिले तर ते कसे चालते, असा प्रश्न टीकाकारांना केला. सरकारने पुस्तक अश्लील ठरवून प्रती जप्त केल्या. बंदी उठायला १९४७ उजाडले. मद्रास प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री टी. प्रकाशम यांच्या काळात ती उठली. याच नागरत्नम्मांनी तिरुवैयारला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांचे समाधिमंदिर पदरच्या पैशाने उभारले. तंजावरहून ते गाव पाचसहा कोसांच्या आतच आहे.