सोयाबीनची डाळ होऊ न देता मळणी: आयलेट्स काढणाऱ्या एन्झाईमची गोष्ट

आमच्या आत्याच्या नातीला टाईप वन शुगर आहे, वय नऊ, दिवसाला चार-चार टोचण्या. परवा परभणीला गेलो तर आत्या म्हणली, "काय रे, किडनी बदलतेत, लिव्हर बदलतेत, मग इन्सुलिन बनवायचं तेवढं काढून का बसवत नाहीत?" प्रश्न लै बरोबर आहे. १८९३ ला इंग्लंडात ब्रिस्टलला एका डॉक्टरनं मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे १५ वर्षांच्या पोराच्या कातडीखाली बसवून पाहिलेच होते, पोरगं तीन दिवसांत गेलं. इन्सुलिनचा शोध लागायला तेव्हा अजून २८ वर्षं होती.

अडचण कुठं आहे ते आधी बघू. १८६९ ला बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले, ते करतात काय हे त्याला कळलं नव्हतं. पुढं १८९३ लाच लागेस नावाच्या फ्रेंच माणसानं त्यांना लांगरहान्सची बेटं असं नाव दिलं, तेच हे आयलेट्स, इन्सुलिन बनवणारे. माणसात साधारण दहा लाख असतात पण सगळे मिळून स्वादुपिंडाच्या एक-दोन टक्केच, एकेक दाणा पाव मिलिमीटरच्या आतबाहेर. बाकीचा सगळा भाग पाचक रस बनवणारा, आणि हे सगळं कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांनी एकमेकांत घट्ट विणलेलं. म्हणजे दाणा काढायचा तर आजूबाजूचं पिंजायचं, आणि ते पिंजताना त्याच्यातलेच पाचक रस सुटून दाण्याला खायला उठतात.

आपल्याकडं बियाण्याचं सोयाबीन काढताना मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवायला सांगतात ना, जोरात फिरवलं की डाळ होते आणि डाळ झालेलं उगवत नाही, अगदी तसंच आहे हे.

१९६४ ला हेलरस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकानं मायक्रोस्कोपखाली सुईनं एकेक आयलेट सोडवून दाखवला, पण असे हातानं वेचून किती वेचणार. पुढच्याच वर्षी पोलंडच्या मोस्कालेव्स्कीनं गिनीपिगच्या स्वादुपिंडावर कोलॅजन कापणारं कोलॅजिनेज हे एन्झाईम वापरलं आणि तिथून गाडी रुळावर आली. हे एन्झाईम येतं कुठून तर क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जंतूपासून, जो पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सडलेल्या जखमांत सापडला, १९१६ ला. आपल्या शरीराचं स्वतःचं कोलॅजिनेज धागा एका ठरलेल्या जागी कापतं, हे जंतूवालं मात्र जागोजागी तुकडे पाडतं, म्हणून तर मांस वितळतं. जे जखमेत जीव घ्यायचं तेच इथं उपयोगी पडलं.

१९६७ ला अमेरिकेत सेंट लुईसला पॉल लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी उंदरात पद्धत बसवली. पाचक रसाच्या नळीतून आधी सलाईनसारखं पाणी भरून स्वादुपिंड फुगवायचं, म्हणजे पेशी आपोआप सुट्या व्हायला लागतात, मग कात्रीनं बारीक करून कोलॅजिनेजमध्ये ३७ डिग्रीला हलवायचं. नंतर वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांत फिरवून वेगळं करायचं, ही झाली उपणणी, फक्त उलटी, कारण खळ्यावर भुसकट उडतं आणि दाणा खाली पडतो, इथं दाणाच हलका असतो आणि भुसकट खाली बसतं. १९७२ ला लेसी आणि बॅलिंजरनं असेच आयलेट्स डायबेटिस केलेल्या उंदरांत टाकले तर शुगर उतरली.

एन्झाईम किती वेळ ठेवायचं हे मी स्वतः भोगलंय. एमएस्सीला असताना खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या स्वादुपिंडावर आम्ही प्रॅक्टिकल केलं होतं, फ्रीजरमधली ती तपकिरी भुकटी म्हणजे डिपार्टमेंटचं सोनं, सरांनी चिमूटभर मोजून दिली. आणि मी चहाला गेलो. दहा-बारा मिनिटं जास्त झाली असतील. परत येऊन बघतो तर ट्यूबमध्ये शेंबडासारखा चिकट गोळा, पेशी फुटून आतला डीएनए बाहेर आलेला, पिपेटमध्ये चढंना सुद्धा. सरांनी काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उंदराचं जमलं तरी माणसाचं स्वादुपिंड चिवट, तिथं १९८८ ला कामिलो रिकॉर्डीनं तोडगा काढला, एन्झाईम नळीतून आत भरून स्वादुपिंड एका बंद स्टीलच्या डब्यात टाकायचं, डब्यात धातूच्या गोळ्या, वर जाळी, डबा हलवत राहायचा आणि दाणा सुटला की जाळीतून लगेच बाहेर, म्हणजे जो आधी सुटला तो एन्झाईमच्या तावडीत जास्त वेळ राहत नाही. साधी गोष्ट आहे पण डोकं लागतं.

खरा त्रास एन्झाईमच्या बाटलीचाच होता. जंतूच्या रसापासून काढलेलं, त्यामुळं एका लॉटनं भरपूर आयलेट्स मिळायचे, दुसऱ्यानं चिखल. शुद्ध करावं तर निव्वळ कोलॅजिनेजनं कामच होईना! पुढं कळलं की कोलॅजिनेजचे दोन प्रकार पाहिजेत आणि सोबतीला थर्मोलायसिनसारखं तिसरंच प्रोटीन तोडणारं एन्झाईम, तेही बेतानं. नव्वदीत लिबरेझ नावाचं तयार शुद्ध मिश्रण आलं. २००० साली कॅनडात एडमंटनला आयलेट्स बसवून सलग सात पेशंटची इन्सुलिनची टोचणी सुटल्याची बातमी जगभर झाली, त्यात शरीरानं आयलेट्स नाकारू नयेत म्हणून स्टिरॉईडशिवाय दिलेल्या औषधांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं, पण बहुतेकांना दोन-दोन दात्यांचे आयलेट्स लागले होते ही गोष्ट मागं पडली. २००७ ला नवीनच घोळ, त्या मिश्रणाच्या उत्पादनात गुरांच्या मेंदूचा अर्क वापरात असल्याचं समोर आलं, मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाची भीती, मग लॅबना दुसरं एन्झाईम धरून सगळी मापं परत बसवावी लागली.

जून २०२३ ला अमेरिकेत दात्याच्या आयलेट्सपासून बनवलेल्या लँटिड्रा या उपचाराला मंजुरी मिळाली, पण ती मोठ्या माणसांसाठी आणि तेही ज्यांची शुगर वारंवार धोकादायक उतरते त्यांच्यासाठी. शिवाय शरीरानं ते नाकारू नयेत म्हणून कायमच्या गोळ्या, त्यामुळं नऊ वर्षांच्या पोरीला आज तरी टोचणीच बरी, आत्याला मी हे असंच सांगितलं. आणि एन्झाईम कुठं थांबवायचं हे आजही कुणीतरी थोड्या-थोड्या मिनिटांनी थेंब काढून, डायथायझोननं लाल रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघूनच ठरवतं, दाणे मोकळे दिसले की गार पाणी सोडा म्हणायचं.