हिंगूळ विटत नाही, काळा पडतो

‘लाल रंग उन्हात विटतो’ हे कपड्यांपुरतं खरं. किड्यांपासून किंवा मुळांपासून काढलेल्या लाल रंगाचे रेणू प्रकाशात तुटतात आणि रंग फिका होतो. हिंगूळ या लाल खनिज रंगाची तऱ्हा वेगळी. विट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने इ.स.पू. पहिल्या शतकातली एक फजिती नोंदवली आहे. फाबेरियस नावाच्या लेखनिकाने घरातल्या उघड्या चौकाच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या. 30 दिवसांत त्या काळपट, डागाळलेल्या दिसू लागल्या आणि भिंती पुन्हा दुसऱ्या रंगाने रंगवाव्या लागल्या. विट्रुव्हियसचा उपाय असा: रंग वाळला की वितळलेल्या मेणात थोडं तेल मिसळून ते फासायचं, कोळशाच्या शेगडीने मेणाला घाम फुटेपर्यंत भिंत तापवायची, मग फडक्याने घोटायचं.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. वजनात 86 टक्के पारा, त्यामुळे तो लोखंडाहूनही थोडा जड. पाण्यात कालवला तर लगेच तळाला बसतो. 100 ग्रॅम पाऱ्याला 16 ग्रॅम गंधक लागतो, पण दोन्ही नुसते घोटले तर हाती काळी भुकटी येते. तीच तापवून तिची वाफ थंड पृष्ठभागावर जमवली की लाल स्फटिक मिळतात. ओल्या रीतीत ती भुकटी अल्कधर्मी सल्फाइडच्या द्रावणात 45 ते 50 अंशांवर ठेवतात. लाल रंग खुलला की लगेच काढायची. उशीर केला तर तपकिरी होते. मोकळा गंधक नीट धुतला नाही, तर शेजारचा शिशापासून केलेला पांढरा रंगही काळवंडू शकतो.

गंमत म्हणजे काळी आणि लाल भुकटी रासायनिकदृष्ट्या एकच. लाल रूपात पारा-गंधकाच्या मळसूत्री साखळ्या असतात, काळ्यात प्रत्येक पारा चार गंधकांनी वेढलेला. लाल हिंगूळ अर्धवाहक आहे. त्याचं ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यामुळे निळा, हिरवा, पिवळा प्रकाश शोषला जातो आणि लाल परततो. भिंत काळी पडते ती लालचं काळ्या रूपात रूपांतर झाल्याने, असंच बराच काळ मानलं जाई. डागांच्या तपासणीत मात्र ते रूप सहसा सापडत नाही. सापडतात पाऱ्याची क्लोराइडं. शोषलेल्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन मोकळे होतात. खाऱ्या हवेतलं किंवा भिंतीतलं क्लोराइड जोडीला असलं की त्यांच्यामुळे पाऱ्याचा आयन (विद्युतभारित अणू) क्षपित होऊन, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन, धातुरूप पारा सुटू शकतो. त्याचे अतिसूक्ष्म कण काळे दिसतात. नुसता प्रकाश पुरत नाही, नुसतं मीठही नाही.

पारा आणि गंधक योग्य प्रमाणात जुळले की सोनं होतं, या समजापायी किमयागारांनी शतकानुशतकं मुशी फुंकल्या. सोनं कुणालाच मिळालं नाही. वाफा मात्र भरपूर मिळाल्या. थंड हिंगूळ पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण तापवला की पारा सुटतो आणि विषबाधा होते. भुकटीही नाकात जाऊ देऊ नये.

काळा थर बहुधा काही मायक्रोमीटरचाच असतो, खाली लाल शाबूत. तरी खरवडता येत नाही, कारण तो थर म्हणजे चित्राचाच वरचा रंग. चित्राची चौकट काढली, तर झाकलेल्या कडेवर मूळचा लाल अजूनही दिसू शकतो.