कोचान: सायप्रसमधल्या घरखरेदीची पार्श्वभूमी

सायप्रसमध्ये समुद्राकाठचं घर घ्यायला निघालेल्या माणसाला दलाल आधी गच्ची दाखवतो, मग पोहण्याचा तलाव, मग पाच मिनिटांवरची पुळण. कागद सगळ्यात शेवटी निघतो. पण या बेटावर घराचा भाव ठरतो तो त्या कागदावर. त्याला तुर्की बोलणारे 'कोचान' म्हणतात, ग्रीक बोलणारे 'कोच्यानी'. पन्नास वर्षं, तुर्की उत्तरेत आणि ग्रीक दक्षिणेत, एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या दोन समाजांनी निदान मालकीहक्काच्या दाखल्यासाठी एकच शब्द जपला आहे.

शब्द उस्मानी काळातला. १५७१ ते १८७८ बेट उस्मानी सत्तेखाली होतं. 'मुल्क' म्हणजे पूर्ण खाजगी, 'मिरी' म्हणजे सरकारची पण कसणाऱ्याच्या ताब्यातली आणि 'वक्फ' म्हणजे धर्मादाय, अशी जमिनीची मुख्य वर्गवारी होती. ब्रिटिश आल्यावर तीच बराच काळ चालली. १९४६ मध्ये नवा कायदा आला, पण 'दोनुम' हे माप आजही वापरात आहे; एक दोनुम म्हणजे सुमारे १,३३८ चौरस मीटर. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला दक्षिणेत घर घ्यायला सरकारी परवानगी लागते आणि घराखालच्या जमिनीची मर्यादा ४,०१४ चौरस मीटर आहे. हा विचित्र आकडा कुठून आला, ते तीन दोनुमांचा हिशेब केला की कळतं.

उंची घरांचा बाजार आधी उत्तरेला होता. किरेनियाच्या बंदरामागच्या डोंगरउतारावर निवृत्त ब्रिटिश अधिकारी येऊन राहत, आणि फामागुस्ताच्या वरोशा भागात साठच्या दशकाअखेर हॉटेलांची रांग उभी राहिली. जुलै १९७४ मधला उठाव, पाठोपाठ आलेलं तुर्की सैन्य आणि झालेली फाळणी वाचकांना माहीत असेल. इथे महत्त्वाचं एवढंच की दीड लाखाहून जास्त ग्रीक सायप्रसवासी उत्तरेतली घरं सोडून दक्षिणेत गेले आणि त्यांच्या मानाने बरेच कमी तुर्की सायप्रसवासी दक्षिणेतून उत्तरेत आले. उत्तरेत रिकामी घरं जास्त झाली, राहायला आलेली माणसं कमी. पुढचा सगळा गुंता या विषम गणितातून निघाला.

उत्तरेतल्या प्रशासनाने १९७७ मध्ये कायदा करून त्यावर उत्तर काढलं. दक्षिणेत ज्याची जमीन-घर राहिलं त्याने त्याचा हक्क सोडायचा, मोबदल्यात गुण मिळवायचे आणि त्या गुणांवर उत्तरेतली ग्रीकांची मालमत्ता घ्यायची. या कागदाला 'एशदेअर' म्हणतात, म्हणजे समतुल्य. याखेरीज तुर्कस्तानातून आणून वसवलेल्यांना आणि इतर काहींना नुसतं वाटप म्हणून मालमत्ता मिळाली. तिचा कागद 'ताहसिस'. त्यामुळे उत्तरेत आज एकाच रस्त्यावर, एकाच बिल्डरने बांधलेल्या दोन बंगल्यांचे कागद वेगळ्या जातीचे निघू शकतात. एका बंगल्याची जमीन १९७४ आधीपासून तुर्की किंवा परदेशी माणसाच्या नावावर, दुसऱ्याची एशदेअर.

'समतुल्य' हा शब्द मोठा चतुर आहे. देणाऱ्या-घेणाऱ्यांत हिशेब मिटला असं तो सुचवतो. पण हिशेब ज्याच्या घराचा होता, तो टेबलाशी बसलेलाच नव्हता. आपल्याकडे फाळणीनंतर निर्वासितांनी पलीकडे राहिलेल्या मालमत्तेचे 'क्लेम' भरले आणि १९५४ च्या कायद्याखाली निष्क्रांत मालमत्तेतून त्यांना भरपाई मिळाली. वरवर पाहता योजना तीच. फरक एवढा की भारत आणि पाकिस्तान ही दोन मान्य राज्यं होती. उत्तर सायप्रसने १९८३ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, त्याला मान्यता दिली ती एकट्या तुर्कस्तानने. मान्यताच नसलेल्या नोंदणी कार्यालयाचा शिक्का परक्या देशाच्या कोर्टात कितपत चालेल, हा प्रश्न गुण वाटताना कोणाला टोचला नसावा. गुणांची तर पुढे खरेदी-विक्रीही होऊ लागली.

१९९६ मध्ये मानवाधिकारांच्या युरोपीय न्यायालयाने किरेनियातल्या एका ग्रीक जमीनमालकिणीच्या खटल्यात सांगितलं की तिची मालकी गेलेलीच नाही, फक्त तिला तिथे जाऊ दिलं जात नाही. नुकसानभरपाई तुर्कस्तानने भरली ती थेट २००३ मध्ये. पण हा निकाल राज्याविरुद्धचा होता. बंगला विकत घेणाऱ्याच्या खिशाला त्याने हात लावला नाही. त्यामुळे एकीकरणाची योजना चर्चेत असताना परदेशी लोक खुशाल खरेदी करत राहिले. एप्रिल २००४ च्या सार्वमतात उत्तरेने होकार दिला, दक्षिणेने मोठ्या बहुमताने नकार, आणि आठवड्याभरात विभागलेलं बेट तसंच युरोपीय संघात गेलं. किरेनियाच्या परिसरात बांधकामाला खरा ऊत आला तो या सुमारास.

त्या लाटेच्या थोडं आधी, २००२ मध्ये, एका ब्रिटिश दांपत्याने किरेनियाजवळच्या लापिथोसला ग्रीक मालकाची अशी जमीन घेऊन बंगला आणि तलाव बांधला. २००३ मध्ये सीमा ओलांडायची मुभा मिळाली आणि मूळ मालक आपली जमीन बघायला आला. २००४ च्या ऑक्टोबरात त्याच्या दाव्याचं समन्स त्या घराच्या दारात पोचलं, ग्रीक भाषेत. उत्तर द्यायची मुदत थोडक्या दिवसांची होती. ती उलटली आणि दक्षिणेतल्या निकोसियाच्या कोर्टाने एकतर्फी हुकूम दिला: बंगला, तलाव, कुंपण पाडा, जमीन परत करा, भरपाई द्या. ज्या कोर्टाचा शिपाईसुद्धा लापिथोसला जाऊन काही करू शकत नाही, त्या कोर्टाचा हा हुकूम. म्हणून मालक इंग्लंडमध्ये गेला, कारण ब्रिटन तेव्हा संघात होता, संघाच्या नियमाप्रमाणे एका सदस्य देशातला दिवाणी निकाल दुसऱ्यात बजावता येतो आणि दांपत्याचं दुसरं घर तिथे होतं. लंडनच्या पहिल्या कोर्टाने २००६ मध्ये नकार दिला: उत्तरेत संघाचे कायदे स्थगित आहेत, मग हा निकाल कसा चालवायचा? २८ एप्रिल २००९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याच्या उलट मत दिलं. स्थगिती उत्तरेच्या भूभागापुरती आहे, पण निकाल दक्षिणेतल्या कोर्टाचा आहे. जमीन कुठे आहे याने त्यात फरक पडत नाही. जानेवारी २०१० मध्ये लंडनच्या अपील कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. किरेनियातला बंगला धोक्यात नव्हताच. धोक्यात आलं ते इंग्लंडमधलं घर.

गंमत म्हणजे जेमतेम दीड महिन्याने, मार्च २०१० मध्ये, मानवाधिकारांच्या न्यायालयाने उत्तरेतल्या २००५ च्या कायद्याने नेमलेलं मालमत्ता मंडळ हा पुरेसा मार्ग मानला. जमीन परत, अदलाबदल किंवा पैसे, यांतलं काहीही ते देऊ शकतं. आणि इतक्या वर्षांनी तिथे राहणाऱ्यांचाही विचार करावा लागेल, असंही न्यायालय म्हणालं. दोन्ही बाजूंनी आपापला निकाल उचलला. दलालांनी अर्थातच दुसरा.

दक्षिणेतला कागद कायदेशीर, पण तोही हातात येईलच असं नव्हे. बिल्डर जमिनीवर कर्ज काढायचा, घर विकायचा, पूर्ण पैसे घ्यायचा. मात्र स्वतंत्र कोचान पूर्ण प्रकल्पाचा अंतिम दाखला मिळाल्याशिवाय निघत नसे. बँकेचा बोजा आधीचा असल्याने तो पैसे भरलेल्या घरावर राहायचा. सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या कर्जाचा बोजा बघून व्यवहार सोडून देणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. इंग्रज निवृत्तांना मात्र तो धक्का होता. २०१३ मध्ये बँका कोसळल्या, देशाला वाचवायला आलेल्या कर्जदात्यांनी अटींत याच दाखल्यांची थकबाकी घातली, आणि २०१५ मध्ये अडकलेल्या ग्राहकांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्याच काळात लिमासोलच्या किनाऱ्यावर काचेचे मनोरे चढू लागले, ते पासपोर्टच्या जोरावर. किमान २० लाख युरोंची गुंतवणूक केली की नागरिकत्व, अशी योजना होती. २०२० मध्ये छुप्या कॅमेऱ्याने केलेलं, योजनेतल्या गैरव्यवहाराचं चित्रीकरण बाहेर पडलं आणि १ नोव्हेंबरपासून ती बंद झाली. नंतरच्या चौकशीत २००७ पासून दिलेल्या ६,७७९ पासपोर्टपैकी निम्म्याहून जास्त बेकायदा ठरले. आता उरलं ते कायम वास्तव्य: ३ लाख युरो अधिक कर. भारतीयांना रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, म्हणून आपल्याकडे या व्यवहाराचा हिशेब बहुधा नवरा-बायको दोघांच्या नावाने मांडला जातो.

उत्तरेत मात्र २००६ पासूनच दुसऱ्याच्या जमिनीचा व्यवहार दक्षिणेच्या कायद्यात फौजदारी गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तो प्रत्यक्षात फारसा वापरला जात नव्हता. २०२४ मध्ये एक बिल्डर आणि काही परदेशी दलाल दक्षिणेत पाय ठेवताच पकडले गेले. पुढच्या वर्षी शिक्षाही झाल्या. उत्तरेतल्या जाहिराती थांबलेल्या नाहीत. फक्त ज्या घराचा कागद '७४ आधीच्या तुर्की मालकाचा आहे, त्याच्या जाहिरातीत समुद्राच्याही आधी 'तुर्की कोचान' असं लिहिलेलं असतं, आणि भाव शेजारच्या एशदेअर घरापेक्षा चढा.