मानसिक आजाराचा क्लेम: फाईल नेमकी कुठे अडकते

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २१(४) विमा कंपन्यांना स्पष्ट सांगतं: शारीरिक आजाराला जसा विमा देता, तसाच मानसिक आजारालाही द्या. २९ मे २०१८ पासून हा कायदा लागू आहे. तरी नाशिकच्या सातपूर-अंबडमधली माणसं ‘मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही’ असं पत्र घेऊन गप्प बसतात. पत्रात एवढंच कारण असेल, तर कलमाचा उल्लेख करून लेखी खुलासा मागा.

पॉलिसी चालू हवी, साधारणपणे २४ तासांचं ॲडमिशन हवं. जुना आजार असेल तर वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो, संपलेला हवा. नव्या नियमांत तो ३६ महिन्यांच्या वर नेता येत नाही. समुपदेशनाची फी आणि ओपीडीची औषधं बहुतेक पॉलिसी देत नाहीत. तापाच्या ओपीडीचेही पैसे मिळत नाहीत, तेव्हा तिथे समानतेवरून भांडून उपयोग नाही.

क्लेम फॉर्म, बिलं, केवायसी, कॅन्सल चेक हे नेहमीचंच. घोळ होतो तो रुग्णालयाच्या नोंदणीत. मानसोपचाराचं रुग्णालय राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, हे टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) विचारतो, तेही डिस्चार्जनंतर! गंगापूर रोडला दाखल करा की सिडकोत, प्रमाणपत्राची झेरॉक्स पहिल्याच दिवशी मागून घ्या.

मग डिस्चार्ज समरी, म्हणजे घरी सोडताना रुग्णालय देतं तो आजार-उपचारांचा गोषवारा. ‘बरेच दिवसांपासून त्रास’ अशी मोघम ओळ असली की कंपनी आजार पॉलिसीच्या आधीचा ठरवायला बघते. निदान पहिल्यांदा कधी झालं, ते डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. जे खरं असेल तेच, बरं का. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या पॉलिसी घेतानाच्या प्रपोजल फॉर्ममध्येच सांगायला हव्या होत्या. दारूच्या व्यसनावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात. म्हणून दाखल होण्याचं मुख्य कारण नैराश्य असेल, तर समरीत ते ठळक हवं.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. कॉल सेंटरवर तासभर बोललात, ते धरू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. नाशिकला पुण्याचं कार्यालय लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, फी नाही, वकील चालत नाही. मुदत एक वर्ष. ती डिस्चार्जपासून मोजून ‘गेली आता’ म्हणत अनेकजण नाद सोडतात. लेखी तक्रार कंपनीने फेटाळली, त्या पत्रापासून वर्ष मोजायचं, म्हणून ते पत्र पाकिटासकट जपा.