अपेंडिक्स: औषधांवर भागेल का?

आधी बेंबीपाशी दुखतं, मळमळतं, आणि काही तासांत कळ उजवीकडे खाली सरकते. डॉक्टर तिथे बोटांनी हळूहळू दाबतात आणि हात झटकन उचलतात. दाबताना दुखतंच, पण हात सोडल्यावर पेशंट जास्त कळवळतो. बाहेर नातेवाइकांना निरोप जातो: अपेंडिक्स आहे, ऑपरेशन करावं लागेल. त्यावर हमखास विचारलं जातं, "डॉक्टर, सलाईन-इंजेक्शनवर नाही का भागणार?"

हा प्रश्न अडाणीपणाचा समजला जायचा. तो तसा नाही.

१८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या आजाराला 'अपेंडिसायटिस' हे नाव दिलं आणि लवकर शस्त्रक्रिया करा असा आग्रह धरला. एका टोकाला बंद असलेली ही करंगळीएवढी नळी सुजली की आतला दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो, शेवटी ती फुटते आणि पू पोटभर पसरतो, असा हिशेब होता. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, त्यामुळे आग्रह रास्तच होता. पुढे प्रतिजैविकं आली, तरी नियम बदलला नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये कोल्ड्री नावाच्या डॉक्टरांनी शेकडो रुग्णांवर औषधांनी उपचार केले आणि ते छापूनही आणलं, पण शस्त्रक्रियेची रीत तशीच चालू राहिली.

खरी कसोटी लागली फिनलंडमध्ये. पाउलिना साल्मिनेन आणि सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतले १८ ते ६० वयोगटातले ५३० रुग्ण घेतले. प्रत्येकाचा सीटी स्कॅन झाला. अपेंडिक्स फुटलेलं, पू साठलेला किंवा आत मळाचा खडा अडकलेला असेल, तर असे रुग्ण आधीच वगळले. या ५३० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला तीन दिवस शिरेतून अर्टापेनेम आणि मग सात दिवस लेव्होफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. (अर्टापेनेम हे फार वरच्या पायरीवरचं प्रतिजैविक. केमिस्टकडून दोन गोळ्या आणून बघू, असला हा प्रकार नव्हे.)

२०१५ साली निकाल आला. औषधं घेतलेल्यांपैकी २७.३ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. संशोधकांनी स्वतःला आधीच २४ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली होती, म्हणजे कागदोपत्री औषधं नापास. पण दुसऱ्या बाजूने बघा: शंभरातल्या त्र्याहत्तर जणांच्या पोटाला वर्षभर सुरी लागली नाही. आणि ज्यांचं ऑपरेशन नंतर झालं, त्यांतल्या बहुतेकांचं अपेंडिक्स तोवर फुटलेलं नव्हतं. थांबलं की फुटलंच, हे गृहीतक इथे डळमळलं. प्रत्येक अपेंडिक्स फुटण्याच्या वाटेवर नसतं. काही सुजतात आणि शमतात.

पाच वर्षांनी औषधांच्या गटातल्या ऑपरेशन झालेल्यांचा आकडा ३९.१ टक्क्यांवर गेला. तोपर्यंत गुंतागुंत मात्र ऑपरेशनच्या गटात २४.४ टक्के आणि औषधांच्या गटात ६.५ टक्के होती. यात एक मेख आहे. तिथली बहुतेक ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती. आज आपल्याकडे मोठ्या शहरांत सर्रास होणाऱ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला हा आकडा जसाच्या तसा लावणं अन्यायाचं होईल.

२०२० साली अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांच्या अभ्यासात १,५५२ रुग्ण होते, आणि या वेळी खडा असलेल्यांनाही घेतलं होतं. औषधं दिलेल्यांपैकी ९० दिवसांत ऑपरेशनची वेळ आली ती खडा असलेल्या ४१ टक्के लोकांवर आणि खडा नसलेल्या २५ टक्के लोकांवर. नळीत बूच बसलेलं असेल तर औषध किती पुरं पडणार?

म्हणून नातेवाइकांनी स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की आधी विचारावं: खडा दिसतोय का? फुटलंय का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर औषधांचा पर्याय खराच चर्चेचा आहे. दहा दिवसांवर परीक्षा आलेली मुलगी तो घेईल. सहा महिन्यांसाठी बोटीवर निघालेला गोव्याचा खलाशी मात्र जाण्याआधी ऑपरेशन करून घेईल, कारण भर समुद्रात तीच कळ पुन्हा आली तर सर्जन कुठून आणणार?