सायलेन्सरच्या तोंडाशी जाळ कुठून येतो?

आंबोलीचा घाट रात्री उतरताना एखाद्या गाडीच्या मागून फाडफाड आवाज येतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर जाळ दिसतो. बघणाऱ्याला ती इंजिनाची ताकद वाटते. खरं तर ताकद सिलिंडरच्या आत, पिस्टन ढकलण्यात खर्च होते. बाहेर दिसतं ते त्या कामी न आलेलं पेट्रोल.

1 किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि वेळ तर फारच थोडा मिळतो. 6000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 6000 फेऱ्यांना, पिस्टन वरून खाली येतो अवघ्या 5 मिलिसेकंदांत. पेट्रोल जास्त झालं किंवा ठिणगी उशिरा पडली, की उरलेलं इंधन धुराबरोबर सायलेन्सरच्या नळीत जातं. पेट्रोलची वाफ 300 अंशांच्या आतच आपोआप पेटते. जोरात चाललेल्या इंजिनाचा धूर त्याच्या दुपटीहून अधिक तापलेला असतो. उणीव असते फक्त ऑक्सिजनची. तो नळीतच मिळाला तर आत फटाका, बाहेर पडल्यावर मिळाला तर जाळ.

उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की आजच्या गाड्यांचा कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बंदच करतो. पेट्रोल नाही, तर जाळ नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मात्र अशा वेळी हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण ओढलं जातं, ते ठिणगीला दाद देत नाही आणि तसंच बाहेर जातं.

किनाऱ्यावर आणखी एक कारण भेटतं, ते म्हणजे गंज. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरचे जोड पोखरले जातात. धूर नळीतून धक्क्याधक्क्याने जातो; दोन धक्क्यांच्या मधे दाब उतरतो आणि भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा मिळाली की आतलं पेट्रोल पेटतं. मालवण-हर्णैकडची बाईक अचानक फटफटू लागली, तर इंजिन खोलण्याआधी जोड आणि गॅस्केट तपासावं.

रॅलीच्या शर्यतीतल्या गाड्यांत हे मुद्दाम घडवतात. अॅक्सिलरेटरवरून पाय सुटला तरी टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, फिरता राहावा म्हणून इंधन नळीतच जाळतात. तिथे त्याला अर्थ आहे. रस्त्यावरच्या गाडीत केवळ आवाजासाठी कॉम्प्युटरमध्ये असा बदल करून घेणं मला अजिबात पटत नाही. धुरातले विषारी वायू निवळवणाऱ्या कॅटॅलिटिक कनव्हर्टरची प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा मुलामा असलेली बारीक जाळी या जास्तीच्या उष्णतेने वितळते. मग ती काढूनच टाकतात आणि सगळा विषारी वायू थेट हवेत जातो.

आणि फाल्गुन-चैत्रात आपल्या कोकणातल्या कातळसड्यांवरचं, म्हणजे खडकाळ पठारांवरचं, गवत कडकडीत वाळलेलं असतं. एका ठिणगीने लागलेल्या वणव्यात आंबा-काजूच्या बागा जळतात. सड्यावर गाडी लावताना गवत टाळून मोकळा कातळ बघावा. जाळ न सोडणाऱ्या गाडीचा कनव्हर्टरही वाळलेलं गवत पेटवण्याइतका तापलेला असतो.