मॉडेस्ट (इंग्रजी विशेषण)

मॉडेस्ट हे विशेषण माणसाला, रकमेला, घराला आणि पेहरावाला लागते, आणि दर ठिकाणी त्याचा मराठी प्रतिशब्द बदलतो. विदर्भातल्या खेड्यांत मुले त्याचा 'नम्र' हा एकच अर्थ पाठ करतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

मूळ लॅटिन 'मोडुस', म्हणजे माप. त्यावरून 'मोदेस्तुस', मापात राहणारा. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात रुळला. बोलणे मापात, खर्च मापात, कपडे लोकांनी ठरवलेल्या मापात, असे सगळे अर्थ या एका मुळाला धरून आहेत.

माणसाबद्दल वापरताना अंगी गुण किंवा पदरी यश असावे लागते. एकरी बारा क्विंटल कापूस वेचलेल्या शेतकऱ्याला पारावर कोणी विचारले आणि तो 'झाला बापा पोटापुरता' म्हणाला, तर तो मॉडेस्ट. तीन क्विंटलवर आटोपलेला हेच म्हणाला, तर ती नुसती वस्तुस्थिती. चारचौघांत तोंड न उघडणारा मुलगा 'शाय' म्हणजे लाजाळू. त्याला मॉडेस्ट म्हणू नये. कशाबद्दल बढाई नाही हे सांगायला पुढे 'अबाउट' येते: 'शी इज मॉडेस्ट अबाउट हर मार्क्स'.

'हंबल' जवळचा, पण त्याचे मूळ मातीत आहे: लॅटिन 'हुमुस' म्हणजे जमीन, 'हुमिलिस' म्हणजे जमिनीलगतचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या घराण्याबद्दल लिहिताना 'हंबल ओरिजिन्स' योग्य. त्यांच्या खापर-खराट्याच्या राहणीला 'मॉडेस्ट' चालते. अर्जात हा फरक फार नडतो. 'माय हंबल रिक्वेस्ट' म्हणजे नम्र विनंती, तर 'माय मॉडेस्ट रिक्वेस्ट' म्हणजे माझी मागणी लहानशी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जात दुसरे लिहिले, तर वाचणाऱ्याला भलताच अर्थ लागतो.

रक्कम, उत्पन्न, वाढ यांच्यासोबत 'माफक' किंवा 'बेताचा' घ्यावा. 'मॉडेस्ट यील्ड' म्हणजे बेताचा उतारा; 'नम्र उतारा' हे मराठीच नव्हे. पावसाच्या बातमीत जरा थांबावे. तिथे बहुधा 'मॉडरेट' असते, आणि ती हवामान खात्याची ठरलेली श्रेणी आहे: २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर. 'मॉडेस्ट' पावसाला असा आकडा नाही. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्याने गफलत सहज होते.

'मॉडेस्ट हाउस' म्हणजे दोन खोल्यांचे कवेलूचे, नीटनेटके, पण डामडौल नसलेले घर. स्वतःच्या घराला असे म्हणणे म्हणजे आपले 'या, गरिबाच्या घरी'. यजमानाच्या घराला त्याच्या तोंडावर म्हटले तर ते कमी लेखणे होते.

पेहरावाला लागला की अर्थ अंगभर, शालीन. उलट शब्द 'इमॉडेस्ट' पेहरावाला आणि बढाईला लागतो, रकमेला सहसा नाही. मोठ्या रकमेला 'लार्ज' किंवा 'सब्स्टॅन्शल' म्हणावे.

'मॉडेस्टी' हे नाम कायद्यात आले की अर्थ पुन्हा वेगळा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ७४, यातील 'मॉडेस्टी'वरील आघाताला मराठीत 'विनयभंग' म्हणतात. हा विनय म्हणजे नम्रता नव्हे, आणि तो कपड्यांवरही ठरत नाही. साडेसात महिन्यांच्या मुलीच्या बाबतीतही हे कलम लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये बहुमताने ठरवले.

उच्चारात जोर पहिल्या अक्षरावर, 'मॉ' वर; 'मोडेस्ट' असा लांब ओ नको. तुलनेसाठी 'मोअर मॉडेस्ट', 'मोस्ट मॉडेस्ट', क्रियाविशेषण 'मॉडेस्टली'.